टनाच्या भावानं

तोरमोदच्या डाव्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला,
अकरा महिने झाले, जखम मिटायचं नाव घेत नाही.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी येते
साउथ यूइस्टच्या एकेरी रस्त्यावरून,
मेंढ्या बाजूला व्हायची वाट बघत.
तो पाय स्टुलावर ठेवून बसलेला असतो,
म्हणजे माझ्या गाडीचं दार ऐकून
नुकताच ठेवलेला असतो.

पट्टी सोडताना आधी नाक कामाला लागतं.
गोडसर वास, वर हिरवट डाग, म्हणजे
पंधरा दिवस चांदीची पट्टी, त्याहून जास्त नाही.
आज तसलं काही नाही.
ओल्या लोकरीचा येतो, तो कुत्र्याचा.

जखमेवर मीठ चोळू नये म्हणतात.
मी धुते मिठाच्याच पाण्यानं,
मोजलेल्या, कोमट.
तो म्हणतो, माझ्या आईनं सरळ समुद्रात उभं केलं असतं.
आणि वाऱ्यावर वाळवलं असतं.
वाळली की भरते, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे.
पण नवी कातडी सरपटत येते, तोरमोद,
तिला ओल लागते.
चिखल नको. ओल.

पारदर्शक कागद ठेवून कडा गिरवते.
फाइलीत अकरा नकाशे, एकाच तळ्याचे:
फेब्रुवारीत त्याला दोन फाटे फुटले होते,
जूनमध्ये एक आटला.
कोरडी असती तर जेल लावलं असतं.
ही पाझरते, आजूबाजूची कातडी पांढरी, फुगलेली,
म्हणून दुसरं पाकीट.
सगळ्यात चांगली पट्टी कोणती, असं विद्यार्थिनी विचारतात.
मी विचारते, कुणाच्या पायाला? कुठल्या वारी?

यात काय असतं, मार्सली?
शेवाळ, मी म्हणाले. समुद्रातलं. त्याचं सूत काढतात.

तो बराच वेळ पाकीट धरून बसला.
मग सोळाव्या वर्षाचा जानेवारी निघाला:
ओहोटी, हातात विळा, पाणी गुडघ्याच्या वर,
कापलेलं शेवाळ दोरात गोल बांधायचं
आणि भरतीनं ते किनाऱ्याला आणायचं.
कारखाना घ्यायचा टनाच्या भावानं.
काटेवाला म्हणायचा, निम्मं तर पाणीच आहे.
आम्हांला वाटायचं, ते आइस्क्रीमात घालतात.

त्या पाण्यानंच पाय गेले माझे?
नाही, नसांच्या झडपा सैल झाल्यात.
रक्त वर चढतं आणि पुन्हा घोट्याशी उतरतं.
खरं औषध तो दाब आहे, ही पट्टी नुसती सोबतीण.
(दाब देण्याआधी दंडाची आणि पावलाची नाडी
यंत्र लावून ऐकली होती मी.
न ऐकता आवळणं म्हणजे फास.)

जखमेच्या मापानं तुकडा कापला,
उरलेला त्याच्या तळहातावर दिला.
पांढरा, म्हाताऱ्याच्या छातीवरच्या केसांसारखा.
त्यानं हुंगला. समुद्र नाही, म्हणाला.
मग हात खालीवर करून तोलला.
याचा भाव काय?
मला माहीत नव्हता. आरोग्य खात्याचा माल.

बोटांपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळत गेले,
प्रत्येक वेढा आधीच्याच्या निम्म्यावर.
पाय वर ठेवा, म्हणाले.
पीट काढायला जाऊ नका.
तो हो म्हणाला, त्या आवाजात
ज्या आवाजात तो काटेवाल्याला हो म्हणत असेल.

शुक्रवारी चुलीजवळ बशी होती.
मिठाच्या पाण्यात तो तुकडा भिजत घातलेला,
फुगून, गुळगुळीत, काचेसारखा.
बघ, तो म्हणाला, ओळखलं त्यानं पाणी.

वहीत लिहिलं:
कडा गुलाबी, तीन मिलिमीटर आत.
स्राव कमी. दाब चालू ठेवणे.
बुटांना पीट लागलेलं आहे.
मी लिहीत असताना कुत्रा आला
आणि त्यानं बशी चाटून साफ केली.
खाली आणखी एक ओळ घातली:
कुत्र्याला पायापासून लांब ठेवणे.