तीन बोटं दुमड

यादी आली तेव्हा मी वेदीच्या चादरीला झालर लावत होते.
फादर अथनाझनी भिंतीवरचा नकाशा उतरवून
बाकावर पसरला आणि बोट ठेवलं.
बोट उचललं तेव्हा कळलं,
सगळं बेट त्याच्याखाली मावलं होतं.

जमीन हलली, मग समुद्र आत आला,
मग परत गेला. पत्रात एवढंच.
समुद्र आत येणं म्हणजे काय
हे आमच्या दांड्यावर कुणी कुणाला समजावत नाही.

यादीत एकतीस ओळी.
मुलगी, नऊ. मुलगा, सहा. मुलगी, अकरा.
एका ओळीत: मुलगी, अंदाजे चार.
नावांचा रकाना आखलेला होता.
मोकळा.

वेंगुर्ल्याकडच्या तीन चर्चनी मिळून ठरवलं, कपडे पाठवायचे.
शिवण माझ्याकडे आलं.
बाजारातल्या शिरोडकरांनी ताग्यांची शेपटं दिली,
निळी चौकट, पिवळे ठिपके,
शाळेच्या गणवेशातलं उरलेलं थोडं खाकी.
सुलभा पालवने बटणं आणून दिली, नवऱ्याच्या शर्टांची.
तो गेल्या वर्षी होडीतून परतला नाही.
बटणं चांगली होती.

पण वयाला माप नसतं.
नऊ म्हणजे खांद्यात किती?
सहाची कंबर कुठे येते?
म्हणून रविवारी मिस्सा सुटल्यावर
टेप गळ्यात टाकून दारात उभी राहिले
आणि आमचीच पोरं अडवली.
नऊ कोण? ये.
हात वर. आता श्वास सोड.
हसू नको गो, टेप हलते.
फर्मिनाची ब्रिझिदा, तांडेलांचा रोकी,
शेजारच्या वाडीतली मानसी चेंदवणकर, तीही आली,
प्रत्येकजण कुणाच्या तरी जागी
मिनिटभर ताठ उभं राहून गेलं.

चारचं मात्र कुणी नव्हतं त्या दिवशी.
रात्री घरी तांदळाची दहा किलोची पिशवी
भिंतीशी उभी केली
आणि तिला टेप लावली.
हात कुठून फुटतील, ते मनानेच धरलं.

सगळ्यांना तीन बोटं दुमड ठेवली.
कपडा आजचा शिवावा, दुमड उद्याची,
असं ज्या बाईने मला मशीनवर बसवलं ती म्हणायची.

एकतीस घड्या झाल्या. खोका बांधला.
मग पाठवणीचं भाडं कळलं.
मीटिंगमध्ये बराच वेळ पंख्याचाच आवाज.
शेवटी पास्कू तांडेल म्हणाला,
"भाडा आयकलास? तेतूर तेंचा म्हयन्याचा जेवाण येतला.
फ्रॉक हयच इका. पैसे धाडा."

मला राग आला. खरं बोलत होता म्हणून जास्त.

फेस्ताच्या दिवशी मांडवात दोरीवर टांगले.
विकत घेतले ते त्याच पोरांच्या आयांनी,
दुसऱ्या कुणाच्या अंगाला येणारच नव्हते.
सतरा हजार चारशे झाले.
बँकेतून गेले, पोचपावती आली,
तिच्यावर कुणाचं वय नव्हतं.

तांदळाच्या मापाचा एकच उरला, पिवळ्या ठिपक्यांचा.
मशीनशेजारी खिळ्याला आहे.
गिऱ्हाईक भाव विचारतं.
मी सांगते, दिलेला आहे.

आणि काल ब्रिझिदा आली.
निळी चौकट गुडघ्याच्या वर चढलेली.
तिला पाटावर उभी केली,
दुमड उसवली. आतला निळा
बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद निघाला,
ऊन न लागलेला.

मी खाली बसून टोक सारखं करत होते.
वरून तिने विचारलं,
"मावशे, जिचो हो फ्रॉक होतो
ती पण वाढली आसतली मगे.
तिची दुमड कोण सोडता?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.