पंच क्रमांक तीन

मी वेल्डिंगवाला. अनेरकाठी, चोपड्याच्या रस्त्याला
दोन सिलिंडर, एक काळा चष्मा, वर पत्रा.
सत्त्याऐंशीच्या एप्रिलात मला जीपमध्ये घालून नेलं
आणि सांगितलं, काप.

काय कापायचं, त्याचं नाव कुणी घेतलं नाही.
उखर्डूनानाच्या केळीत ते पडलेलं होतं,
भोवती तीनशे अकरा खोडं आडवी,
सगळ्यांचे शेंडे बाहेरच्या अंगाला,
परातीतल्या पिठात मूठ मारावी तशी.
त्या रात्री पान हलत नव्हतं.
मी अंगणात उघडाच झोपलो होतो,
बायको पुठ्ठ्यानं वारा घालत होती,
एवढ्यावरून सांगतो.

ज्योत लावली. निळी केली. टोक धरलं.
लोखंड लाल होतं, पितळ रडतं,
ॲल्युमिनियम न सांगता खाली बसतं.
हे अर्धा तास काहीच करेना.
हात ठेवून बघितला, तर माठासारखं गार.
"बंद कर," साहेब म्हणाले. "तू इथं आला नव्हतास."

मग पंचांत एक माणूस कमी पडला,
तेव्हा मी आलो होतो असं ठरलं.

भावडू तलाठ्याचं अक्षर देखणं.
*सदर दिवशी पहाटे वादळी वाऱ्यामुळे*
इथवर लिहून तो थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला,
"वारा व्हता ना रे?"
"व्हता," मी म्हणालो.
एका शब्दात मी एवढा वारा सोडला
की तीनशे अकरा खोडं पडली,
नानाला त्याचे पैसेही मिळाले.
*मजकूर वाचून दाखवला, बरोबर आहे.*
सही.

दुपारपर्यंत ते ताडपत्रीखाली गेलं.
हिरव्या गाडीच्या नंबरपाटीवर चिखल थापलेला.
एप्रिलात. दहा कोसांत ओलं काही नसताना.
चिखल त्यांनी बरोबरच आणला असणार.

सगळ्यात आधी पोचला होता राखणदार,
खुमसिंग बारेला, वरच्या पाड्यावरचा.
त्याला पंच केलं नाही. "अंगठा चालत नाही," म्हणाले,
आणि माझ्या सहीखाली दोन अंगठे घेतले.
तो त्याच्या बोलीत बराच वेळ सांगत राहिला.
भावडू पेनाला टोपण लावून ऐकत होता.
मला कळलं ते इतकंच :
ते थरथरत होतं, नुकत्या व्यालेल्या वासरासारखं,
म्हणून यानं अंगाखालचं गोणपाट काढून
त्याच्यावर टाकलं.

आता पोरं येतात, कॅमेरे घेऊन, थेट पुण्याहून.
गावात प्रत्येकाकडे वेगळा माल आहे.
सलूनवाला धनराज निळी माणसं सांगतो, तीन;
गिऱ्हाईक जास्त असलं की चार.
झिपाबाईला नानाच्या विहिरीचं पाणी
तेव्हापासून गोड लागतं.
नानाचा नातू शंभर रुपये घेऊन जागा दाखवतो.
जागा चुकीची आहे.
मी काही बोलत नाही. पोट आहे त्याला.

मीही अर्ज टाकला, माहितीच्या अधिकारात.
पहिलं उत्तर : अभिलेख आढळून येत नाही.
दुसरं : वाळवी.
तिसऱ्या खेपेला एक पान आलं,
झेरॉक्सची झेरॉक्स, कडा काळ्या.
वादळ होतं त्यात. माझी सही होती,
घाबरलेल्या माणसाची असते तशी, ठळक.
आणि अगदी तळाला, पुसायचं राहून गेलेलं :
*घटनास्थळी मिळून आले गोणपाट, नग एक, जुने,
किंमत शून्य. पुढील तपासकामी ताब्यात घेतले.*

खुमसिंग दर बाजाराला पायरीवर येऊन बसायचा,
मरेपर्यंत.
ते कुठून आलं, कुठं नेलं,
हे त्यानं एकदाही विचारलं नाही.
तपास संपला का, एवढंच.
आणि गोणपाट परत कधी देणार;
चांगलं होतं म्हणे,
एकाच कोपऱ्याला उसवलेलं.