पाचवाला की सातवाला

शनिवारी रात्री अकराला सर्वेश भिलाईहून ऑनलाइन येतो,
ड्यूटीचे बूट काढायच्या आधी.
आम्ही दोघं एका पडक्या बंदरात उतरतो
आणि नेमकी धूर पसरायच्या वेळी
माझी बाई एक पाय उचलून थबकते.
"अडकलीस का मेलीस?" तो कानात विचारतो.
अडकले. मग मेले.
दोन्हींत साधारण चार सेकंदांचं अंतर.

पंधरा दिवस मी तक्ता लिहीत होते
विजेच्या बिलाच्या पाठीमागे:
सहा कोअर, आठ कोअर, किती वॅट, किती तापतो,
किमती रोज खोडून नव्या.
ग्राफिक्स कार्ड नवंकोरं, दिवाळीच्या बोनसचं,
ते बिचारं अर्ध्या ताकदीवर बसून.
पंगत बसलेली, पानं मांडलेली,
वाढपी अजून स्वयंपाकघरातच.

आई लोकमान्यनगरच्या गॅलरीत मटार सोलत म्हणाली,
"मग वाढपी बदल. त्यात एवढं काय लिहायचं?"

सिल्व्हर मॉलमध्ये, जिन्याखालच्या दुकानात
भोजवानी शेठ डबा पुढे सरकवतात. सातवाला.
डब्यावरूनच हात फिरवावासा वाटतो.
"मॅडम, पाँच साल देखना नहीं पड़ेगा."
बसेल ना, विचारते.
"बोर्ड कौन सा है?"
मी फोनमधला फोटो दाखवते,
धुळीचा, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं.
ते चष्मा कपाळावर चढवतात,
वैद्यानं जीभ बघावी तसं बघतात.
नव्याचा पाया वेगळा.
म्हणजे बोर्ड नवा, मग रॅम नवी,
मग हा पंखा पुरायचा नाही, मग पॉवर सप्लाय,
बटणाला शोभेल असा सदरा शिवत जायचं.
छत्तीस हजार.
कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून ठेवतात
आणि स्वतः रस्त्याकडे बघत बसतात.

"मॉनिटर कितने हर्ट्ज़ का?"
साठ.
ते हसत नाहीत. हे मला आवडलं.
सातवाला पुन्हा फळीवर जातो,
खालच्या खणातून एक पारदर्शक डबी निघते:
जुना पाचवाला,
कुणा मुलानं पुढे जाताना उतरवून ठेवलेला.
"आपके बोर्ड में यही बैठेगा. बायोस अपडेट कर लेना,
और इससे ऊपर का सपना मत देखना."
आठ सांगितले, मी साडेसहा दिले.

घरी उलटा करून पाहिला तर
एका कोपऱ्यात तीन पिना वाकलेल्या.
तेराशे एकतीसमधल्या तीनच,
शेवटच्या बाकावर मान टाकून झोपतात तशा.
सातवाला घेतला असता तर,
हा विचार मी एकदाच केला. बरं, दोनदा.

भाच्याच्या कंपासमधली पेन-पेन्सिल घेतली,
शिसं काढून टाकलं,
पोकळ टोक पिनेवर बसवलं.
पंखा बंद. आई टॉर्च धरून.
वीस वर्षं सराफ्यातल्या एका पेढीसाठी
ती नथीचे मोती ओवायची.
म्हणाली, "श्वास सोडताना हलव. घेताना नाही."
पहिली उठली. दुसरी उठली.
तिसरीला तिनं टॉर्च माझ्या हातात दिला.

शनिवार, अकरा.
धूर पसरतो आणि माझी बाई धावते,
क्रेनखालून, तुटक्या होडीवरून,
पाय टेकतो तिथे पाणी उडतं,
हे पाणी मी आजवर पाहिलंच नव्हतं.
पुलापलीकडे पोचून वळते
तर सर्वेश मागेच,
एक पाय उचलून.
"अडकलास का मेलास?"
भिलाईहून उत्तर यायला वेळ लागतो.
त्याच्या मशीनचं वय मी कधी विचारलं नव्हतं.
मी आधी मरायचे, म्हणून कळायचं नाही.

बंदूक भरून भिंतीला टेकून उभी राहते.
हेडफोन एका कानावरून सरकवून हाक मारते,
"आई, या महिन्याचं बिल कुठे ठेवलंस?"