वर्णनाचा रकाना

गणेशपेठेत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत
रात्री साडेनऊला आमचं शटर अर्धं खाली येतं.
अर्धं म्हणजे बंद नाही,
फक्त चहावाल्यानं आता वाकून यायचं.
पत्रा अजून हाताला चटकतो. वैशाख आहे.

बातम्या अशा:
देसाईगंजची गाडी एक तारखेपासून सुरू,
ब्रह्मपुरीला पंपापाशी पाच मिनिटं थांबेल.
किलोमागे दोन रुपये वाढले.
काचेचं सामान ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. हे जुनंच,
पण पाटी नवीन आहे
आणि पेंटरनं जबाबदारीतला एक ब खाल्लाय.
बोंद्रे शेठनं त्याचे वीस रुपये कापले.
ब काही परत आला नाही.

शालिकभाऊ निखारेंना रात्रीवरून काढलं.
मोतीबिंदू. समोरून ट्रक आला की एकाचे तीन दिसतात,
आणि सत्तावीस वर्षं
मधल्याला चुकवत आले, असं तेच सांगतात, हसत.

आणि सोमवारपासून रजिस्टर बंद.
धाकट्या बोंद्रेंनी मशीन आणलंय, हातात मावेल एवढं.
ते वजन विचारतं, मोबाईल नंबर विचारतं,
टिक् करतं.
आत काय आहे, ते विचारत नाही.

माझ्या रजिस्टरात तिसरा रकाना होता: वर्णन.
छापणाऱ्यानं दोन बोटं जागा ठेवली होती,
मी समासात जायची.

*चपला, दोन. दोन्ही डाव्या. बदलून पाहिजेत.*
*साड्या, इतवारीहून, गठ्ठा एक. लग्न सव्वीसला आहे, पंचवीसला नाही पोचल्या तर फोन आपल्याला येईल.*
*इंजेक्शन, बर्फात. इंजिनापासून लांब ठेवणे.*
*सावजी मसाला. साड्यांपासून लांब ठेवणे.*
*बंद पाकीट. काय आहे विचारलं, तर म्हणाला, ताई, राहू द्या. राहू दिलं.*

शालिकभाऊ माल चढवता चढवता म्हणायचे,
"काहून लिव्हतं व बाई एवढं?
खोक्याले का वाचता येते?"

मागच्या आठवड्यात मशीनची चाचणी होती.
दोन खोकी, दोन्ही तीनशे ग्रॅम, दोन्ही तपकिरी.
पहाटे सव्वाचारला ब्रह्मपुरीहून फोन:
"अहो, आम्ही घड्याळाचं मशीन मागवलं होतं.
हे दात कोणाचे?"

मशीनमध्ये पाहिलं. मशीन म्हणालं, पोचलं.
ते खोटं बोलत नव्हतं. पोचलं तर होतंच.

मी सवयीनं, चोरून, रजिस्टरही भरलं होतं.
*दात, वरचे. चाफलेबाई, पवनी. नातवाच्या बारशाआधी हवेत.*
पवनीला फोन लावला.
तिकडे चाफलेबाई टेबलावर
घड्याळाचं यंत्र घेऊन बसल्या होत्या,
सेल घातला होता कोणीतरी,
आणि त्या ओठ मिटूनच म्हणाल्या,
"चालते तर खरं, पण याचं करू काय?"

बारसं दुपारी होतं. दात अकराला पोचले.
धाकटे बोंद्रे म्हणाले, सिस्टीम आहे, सुरुवातीला होतं असं.
होत असेल. मीही सुरुवातीला
भिवापूरचा माल भद्रावतीला पाठवला होता,
मिरचीची पोती. अक्षर माझंच होतं.

काल शालिकभाऊंची शेवटची फेरी.
स्टिअरिंगवर नवा पोरगा, हेडाऊंचा तुषार,
आणि ते शेजारच्या सीटवर, मांडीवर डबा,
भिवापूरपर्यंत, घरी.
तुषारला आत्तापासूनच खड्डे सांगत होते,
गाडी गल्लीतून निघायच्या आधी.

मी रजिस्टर उघडलं. शेवटच्या पानावर चार ओळी उरल्या होत्या.
*शालिक निखारे, नग एक. सोबत डबा.*
*उमरेडच्या पुढे झोप लागली तर उठवू नये.*
*काचेचं नाही, तरी.*

वजनाचा रकाना तेवढा कोरा राहिला.
खिडकीतून ओरडून विचारलं,
तर म्हणाले, "बायकोले विचार."