गांडुळांना न कळेल इतका उजेड

दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती.
वुडस्टॉकच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात
मी नऊ दिवे काउंटरवर मांडून घेतले,
आईसाठी स्थळं बघायला आल्यासारखे.

हा बाराशे लुमेनचा. ह्याचा झोत दोनशे मीटर.
हा पाण्यात पडला तरी चालतो.
ह्याची वायर फोनच्याच चार्जरला लागते.
मी दोन रात्री हेच वाचत बसलो होतो,
परीक्षेला कधी एवढं वाचलं नाही.

आईनं एकेक उचलून तळहातावर तोलला,
राच-जाच्या बंदरात ती मासे तोलायची तसा.
पट्टा ताणून पाहिला.
मग एकच विचारलं :
किती वाजेपर्यंत?

काउंटरमागची ब्रॉनविन खोकं उलटंसुलटं करत म्हणाली,
पूर्ण उजेडात, अडीच तास.
आई हसली.
अडीच तासांत तिची पहिली रांगही होत नाही.

तरी मी सगळ्यात झगझगीत घेतला.
पैसे माझे होते. पहिला पगार.
तिचा जुना दिवा मला लहानपणापासून खुपायचा :
कमरेला बॅटरीचं ओझं, गळ्याभोवती वायर,
आणि काचेवर लाल नेलपॉलिशचे तीन थर.
नखांना तिनं कधी लावलं नाही.
मला वाटायचं, दिव्यालाच नटवते.

रात्री दहाला व्हॅननं लसूणघासाच्या शेतात उतरवलं.
मीही गेलो, पहिल्यांदाच,
माझा दिवा कसा चालतो ते बघायला.
वारा नव्हता. माती भिजलेली, हात सुन्न होतील इतकी गार.
सतरा माणसं. एका घोट्याला भुशाचा डबा,
दुसऱ्याला रिकामा.
सगळी कमरेत मोडलेली, सकाळपर्यंत तशीच.
गांडुळं ह्या वेळी वर येतात,
अर्धी गवतात, अर्धी बिळात,
शेपटीनं घर धरून.

मी बटण दाबलं.

पातं न् पातं दिसलं.
वुथीकाकांच्या बुटाची उसवलेली शिवण,
पार पलीकडे कुंपणाच्या तारेवरचं दव,
एक ससा, बावचळलेला.
आणि गांडूळ एकही नाही.
जमिनीनं श्वास आत ओढावा
तशी सगळी आत.
त्यांना डोळे नसतात. कातडीला कळतं.

पाडलास उजेड, आई म्हणाली.

अंधारात सतरा माणसं हसली.
वुथीकाकांना तर उचकी लागली.

तिनं दिवा माझ्या कपाळावरून काढला.
बटण दाबलं, सोडलं, दाबून धरलं,
अनोळखी कुलपाशी खटपट करावी तसं.
तो विझला, लुकलुकला,
आणि मग अगदी तळाशी,
निखाऱ्यावर राख धरते तेव्हा दिसतो तसला
एक लाल ठिपका.
पाच लुमेन. शंभर तास.
खोक्यावर सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात छापलेली ओळ.
मी ती वाचलीच नव्हती.

तेवढ्यात एक पुन्हा वर आलं. मग तीन.
मग गवत हलत असल्यासारखं वाटलं, ते गवत नव्हतं.

ओढू नकोस, ती म्हणाली. तुटतं.
नुसतं धर. थांब.
त्याचं त्याला सोडू दे.

मी धरून थांबलो.
बोटांत ते ताणलं, पुन्हा ताणलं.
केवढं बळ असतं.
मग सैल झालं.

साडेपाचपर्यंत माझे दोन डबे, त्यातली निम्मी तुटकी.
तिचे तेवीस.
व्हॅनच्या मागच्या दारापाशी डेल वही घेऊन बसतो,
मिणमिणत्या बल्बखाली, पेन्सिलीनं,
हजारांचे आकडे, ज्याचे त्याला दाखवत नाही.
एकवीस, तो म्हणाला.

आईनं कपाळाशी हात नेला.
बटण दाबलं, बरोबर जिथे दाबायचं तिथे, एकदाच.
वहीचं पान पांढरंफटक झालं.
खोडलेलं, वर लिहिलेलं, कडेचा कॉफीचा डाग,
आणि आमच्या नावापुढचा आकडा.

फार उजेड आहे, डेल डोळे मिचकावत म्हणाला.

अडीच तास चालतो,
आई म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.