शेऱ्याचा रकाना

एकोणतीस वर्षं मी अचलपूरच्या कॉलेजात
फॉर्मालिनच्या बाटल्या पुसल्या.
बेडूक, घोरपडीचं पिल्लू, दोन तोंडांचं वासरू.
सगळे माझ्याकडे बघत,
उठून कुणीच जात नसे.
निवृत्त झाले त्या एप्रिलात
माखल्याच्या वरच्या अंगाला, नाल्यातल्या एका डोहाशी
मला मचाण मिळालं, नोंदवही मिळाली
आणि मुंगीलाल भिलावेकर.

काम सोपं: पाण्यावर कोण येतं ते लिहायचं.
वेळ. जात. संख्या. नर की मादी. शेरा.
आणि रोज सकाळी काठी बुडवून
पाणी किती उरलं ते बघायचं.
मुंगीलालने धावड्याची काठी तासली,
बोटाबोटावर खाचा पाडल्या.
पहिल्या दिवशी एकतीस ओल्या.

साग उघडे पडलेले. खाली वाळली पानं
अशी वाजत की सरडाही सांबर वाटे.
मी तीनदा फसले.
तो डोळे मिटून सांगे: रानकोंबडी.
मोर.
काही नाही, पानच.
"सिपना म्हंजे आमच्यात साग," तो म्हणाला,
"नदीचं बी तेच नाव."
झाडाचं नाव नदीला देणारी माणसं.
हे मी शेऱ्यात लिहिलं, मग खोडलं.

दुपारी काहीच घडत नसे.
त्याला रकाना नव्हता.
कांडोळाची खोडं नुकता चुना दिल्यासारखी,
दगडावर हात टेकवत नाही असा ताप,
आणि चिखलाच्या काठाला मधमाश्या.
संख्या: बऱ्याच.
प्रॅक्टिकलच्या वहीत कुणी असं लिहिलं असतं
तर मी लाल रेघ ओढली असती.

एकोणीस खाचा. चौदा.

मेच्या पौर्णिमेला अस्वल आलं,
पाठीवर पिल्लू.
काठाशी थबकली, वारा चाटून बघितला,
मग तोंड घातलं पाण्यात
आणि लहान पोर ताटातला आमरस ओढतं
तसा आवाज, अख्ख्या नाल्यात.
पिल्लू पाठीवरूनच वाकलं. खाली दुसरं पिल्लू.
त्याने पंजा मारला. चंद्र हलला, ते दुसरंही.
"बाना," मुंगीलाल कुजबुजला,
गल्लीतल्या एखादीचं नाव घ्यावं तसं.
ती गेली. पेनचं टोपण
अजून माझ्या दातांत होतं.
वेळ: विसरले.

नऊ खाचा.
आम्हीही त्याच डोहाच्या कडेला
वाळूत झिरा उकरून पीत होतो.
एका सकाळी फडक्यातून गुंड भरता भरता
तो म्हणाला, "बाई, तुम्ही सबन लिवता.
गवा लिवला, भेकर लिवलं, मधमाशी बी लिवली.
आपण दोघं रोज पितो.
ते कुठं लिवलं?"

मी मागची त्रेचाळीस पानं चाळली.
नव्हतंच.
मग लिहिलं:
सकाळी सहा दहा. माणूस. दोन. एक नर, एक मादी.
शेरा: एक गुंड, वर दोन पेले.
मादी उजव्या पायाने लंगडते.

परतवाड्याच्या ऑफिसात टाइप करताना
तेवढी ओळ गाळली गेली.
पोरगा चांगला होता, हसून म्हणाला, मॅडम, हे चुकून आलंय.
बेरजेतून दोन वजा.
सही मात्र माझीच आहे खाली.

काठी मी सोबत आणली.
न्हाणीघराच्या दाराआड उभी असते.
खालच्या तीन खाचांत डोहाचा काळा गाळ
अजून आहे, नखाने निघत नाही,
मीही फार खरवडत नाही.
आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी येतो.
तिसऱ्या संध्याकाळी मी टाकीत काठी सोडते,
वर काढते, उजेडाला धरते.
शेजारची रुखमाबाई भिंतीपलीकडून विचारते, किती?
मी सांगते, अकरा.
पुरंल.