सात नंबरची पिन

टूलरूममध्ये रुजू झाले त्या दिवशी
खाजाभाईंनी हातात पोलादाचा घासलेला तुकडा दिला.
मूठ कर म्हणाले. पन्नासपर्यंत मोज.
आता ठेव खिडकीत आणि जा घरी.

सकाळी त्याच्यावर
माझी तीन बोटं उठली होती, तांबूस.
"अयोध्या, तेरा पसीना कडवा है.
नाराज नक्को हो. किसी किसी का रैता."

तेव्हापासून हातमोजे.
वाळूजच्या मे महिन्यात, तापल्या पत्र्याखाली, हातमोजे.

नळी आमची सलाईनची.
बाहेरून चार पूर्णांक एक, भिंत अर्धा मिलिमीटर.
ती भिंत ठरते डाय आणि पिनच्या मधल्या
नखाएवढ्या गोल फटीत.
फटीत एक ओरखडा पडला
की तो नळीबरोबर चालत जातो
किलोमीटरच्या किलोमीटर, कुठे न तुटता,
आणि भिंग लावून बसलेली तपासणीतली पोरगी
अख्खा रोल क्रशरकडे ढकलते.

म्हणून पोलादाला पोलाद लावायचं नाही.
पितळेची पट्टी, तांब्याची जाळी,
धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतराचं फडकं
(शिवण उसवून. शिवणीतला दोराही ओरबाडतो).
पॉलिश माल वाहतो त्या दिशेनंच, आडवं कधी नाही.
आणि डायचं तोंड टेबलावर टेकवायचं नाही,
लेकरू असं नाकावर ठेवतं का कुणी?
बोल्ट समोरासमोरचे, पाव पाव आटा.
"हल्लू," ते म्हणायचे. मी हात आवरायचे.
"और हल्लू."

एका रात्री सव्वादोनला लाईट गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि झोपला.
हेडमध्ये माल शिजत राहिला,
आधी हळदीचा, मग चहाचा,
मग करपलेल्या काकवीचा रंग,
आणि नाकात आंबट, झोंबणारी वाफ.
ती वाफ पोलाद खाते.
थंड होऊ दिलं असतं तर आत दगड झाला असता.
तापलेलं हेड बॅटरीच्या उजेडात मी एकटीनं खोललं.
पहाटेपर्यंत सात नंबरची पिन अशी निघाली
की तिच्यात माझं नाक दिसलं, वाकडं.

तेल लावायच्या आधी मोजे काढले. एकदाच.
नुसतं बघावं म्हणून, हाताला कशी लागते.
गार होती. वाटलं त्याहून जड.

सोमवारी पेटी उघडली तर कॉलरच्या मागे
माझा अंगठा, गंजात,
रेषा न् रेषा.
खाजाभाईंनी भिंगाखाली धरली. बराच वेळ.
मी तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.
"रैने दे," म्हणाले. "उधर माल लगता नै."

त्याच दिवाळीत गेटवर अंगठ्याचं मशीन आलं.
माझं पहिल्या झटक्यात हिरवं.
त्यांचं लाल. पुसून पुन्हा लाल.
एकतीस वर्षं हिऱ्याची पेस्ट चोळून
बोटांवर काही उरलंच नव्हतं,
मशीनच्या हिशेबी समोर कुणी उभंच नव्हतं.
निवृत्त होईपर्यंत वॉचमननं त्यांची हजेरी
जुन्या वहीत पेनानं मांडली.

आता किराडपुऱ्यात नातवंडांत असतात.
ईदला फोन केला तर आधी विचारतात, सात नंबर?
मी सांगते, मायक्रोमीटर लावला,
दोन मायक्रॉन गेले, बाकी तशीच.
अंगठ्याचं ते विचारत नाहीत,
मीही काढत नाही.

काल गंगाखेडहून लिंबराज आला, आयटीआय फिटर.
येताच सात नंबरकडे हात गेला त्याचा.
मी तुकडा दिला. मूठ कर. मोज.
एकोणचाळीसला अडखळला, पुन्हा एकपासून लागला.
तुकडा खिडकीत आहे.
पाळी सुटायला दोन तास आहेत
आणि मी पाण्याला जातानाही
मुद्दाम पलीकडच्या बाजूनं जाते.